शालेय मंत्रिमंडळ आणि आपले कर्तव्य

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या समारंभात चार शब्द सांगण्यासाठी कार्यकारी मंडळाने मला पाचारण केले, हा मी माझा बहुमान समजतो. मी कोणी विद्वान अथवा नामांकित वक्ता नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाची पदविका घेतली, एका तालुक्याच्या गावी हायस्कुलात खालच्या वर्गांना शिकवीत राहिलो आणि तेथूनच सेवानिवृत्त झालो. तेव्हा जे प्रत्यक्ष पाहिले आणि फावल्या वेळी जे थोडेबहुत वाचले, तेवढेच आपणांपुढे ठेवणार आहे.

आताच गुणवंत विद्यार्थ्यांचा परिचय करून देताना त्यांतील दोघांचा उल्लेख ‘आपापल्या शाळेचे मुख्यमंत्री’ असा झाला आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या योग्यच होत्या. परंतु या मुलांनी मुख्यमंत्री म्हणून वर्षभरात काय केले, हे आपणांपैकी कोणी विचारले नाही. परीक्षेतील गुण आपण दशांश चिन्हापुढील आकड्यासह वाचून दाखविले. मंत्रिपदाचे मात्र नुसते नावच पुरे झाले. यास्तव शाळेतील विद्यार्थी-मंत्रिमंडळ हाच विषय आज घ्यावा असे मी ठरविले.

हे मंत्रिमंडळ आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. शाळा सुरू झाल्यावर वर्गावर्गांतून प्रतिनिधी निवडले जातात. मग मुख्यमंत्री, अभ्यासमंत्री, क्रीडामंत्री, स्वच्छतामंत्री, आरोग्यमंत्री, सांस्कृतिक मंत्री, सहलमंत्री अशी खाती वाटली जातात. एके दिवशी शपथविधी होतो, मुख्याध्यापक बिल्ले लावतात, छायाचित्र निघते. इतके झाल्यावर पुढील आठ-नऊ महिने या मंत्र्यांना काम कोणते? बहुतेक ठिकाणी काम एकच : गुरुजी वर्गात नसताना बोलणाऱ्या मुलांची नावे फळ्यावर लिहिणे, प्रार्थनेच्या वेळी रांगा सरळ करणे, आणि पाहुणे आले म्हणजे पुष्पगुच्छ घेऊन उभे राहणे.

आता नावे लिहिण्याचे हे काम मंत्र्याचे नसून मॉनिटरचे आहे, आणि मॉनिटरची परंपरा फार जुनी आहे. तिचे मूळ आपल्याच देशात आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अँड्र्यू बेल नावाचे एक स्कॉटिश पाद्री १७८९ साली मद्रासजवळ एग्मोर येथील लष्करी अनाथ मुलांच्या शाळेचे अधीक्षक झाले. त्यांनी एका एतद्देशीय शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरविताना पाहिली. तोच प्रकार त्यांनी आपल्या शाळेत आणला आणि मोठ्या मुलाने लहानांस शिकवावे, अशी व्यवस्था बसविली. विलायतेस परतल्यावर १७९७ साली त्यांनी त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे जोसेफ लँकेस्टर यांनीही त्याच धर्तीवर शाळा चालविल्या आणि ही मॉनिटर-पद्धती इंग्लंडभर पसरली. आपल्याकडील पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरे गिरविण्याचा व थोरल्या मुलाने धाकट्याचे अक्षर पाहण्याचा परिपाठ होताच. आपलीच वस्तू साहेबाच्या देशी जाऊन नवे नाव घेऊन परत आली.

त्यानंतर रग्बी येथील शाळेचे मुख्याध्यापक डॉ. थॉमस अर्नोल्ड यांनी १८२८ पासून सर्वांत वरच्या वर्गातील मुलांवर शाळेच्या शिस्तीची जबाबदारी टाकली. या मुलांना प्रीफेक्ट म्हणत, आणि त्यांच्या हाती शिक्षेचा अधिकारही असे. मॉनिटर काय किंवा प्रीफेक्ट काय, दोघांची नेमणूक वरून होत असे आणि जाबही वरच द्यावा लागे. ज्या मुलांवर त्यांनी देखरेख करावयाची, त्या मुलांना त्यांस प्रश्न विचारण्याचा हक्क नव्हता.

याहून निराळा असा दुसरा मार्ग पुढे निघाला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील फ्रीव्हिल येथे विल्यम जॉर्ज यांनी १८९५ साली शहरातील गरीब व वाया जाऊ पाहणाऱ्या मुलांची एक वसाहतच स्थापन केली. तिला त्यांनी मुलांचे प्रजासत्ताक म्हटले. तेथे कायदे मुले करीत, न्यायासनावर मुले बसत, वसाहतीचे स्वतंत्र नाणे असे आणि काम केल्यावाचून ते हाती येत नसे. इंग्लंडात ए. एस. नील यांच्या समरहिल शाळेत सर्वांची सभा भरे, आणि त्या सभेत सहा वर्षांच्या मुलाला एक मत व नील यांनाही एकच मत असे. आपल्या देशात रवींद्रनाथांनी १९०१ साली सुरू केलेल्या शांतिनिकेतनातील विद्यालयातही आश्रमाच्या दैनंदिन व्यवस्थेचा भाग मुलांच्या सभेकडे सोपविण्याची प्रथा पडली. या सर्व ठिकाणी निवडून आलेला मुलगा आपल्या निवडणाऱ्यांना जबाबदार होता.

हे दोन मार्ग मी मुद्दाम वेगळे करून सांगितले. आमच्या शाळांतून आज त्यांची गल्लत झालेली आहे. निवडणूक प्रजासत्ताकाची आणि काम मॉनिटरचे! मुलाला निवडून द्यावयाचे वर्गाने, आणि त्याने चहाडी करावयाची त्याच वर्गाची. अशा मंत्र्याविषयी वर्गात आदर कोठून उत्पन्न होणार? दोन महिन्यांत मुले त्याची टिंगल करू लागतात, आणि शिकतात ते हे, की मत देणे ही एक गंमत असून निवडून आलेला माणूस वरच्यांचा असतो. दहावीची परीक्षा होऊन शाळा सुटते तेव्हा मुलाचे वय पंधरा-सोळा असते. १९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने, १९८९ पासून, अठराव्या वर्षी मतदानाचा हक्क मिळतो आणि एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीस उभे राहता येते. म्हणजे शाळा आणि मतपेटी यांच्यामध्ये अवघी दोन-तीन वर्षे उरतात. शाळेत जो धडा मिळाला, तोच घेऊन मुलगा तेथे जातो.

सरकारी पातळीवर ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली गेली होती. डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या माध्यमिक शिक्षण आयोगाने शाळाशाळांतून विद्यार्थ्यांच्या समित्या असाव्यात, वर्तनाचे नियम त्यांनीच तयार करावेत व ते पाळले जातात की नाही हेही त्यांनीच पाहावे, अशी शिफारस केली. त्याच आयोगाने सतरा वर्षांखालील विद्यार्थ्यांस निवडणुकीच्या प्रचाराला जुंपणे हा गुन्हा मानावा, असेही सुचविले. या दोन शिफारशी परस्परांना पूरक आहेत. मोठ्यांच्या राजकारणात मुलांनी राबू नये, आणि स्वतःचा कारभार मात्र स्वतः करण्यास शिकावे, असा त्यांचा इत्यर्थ आहे.

आता प्रत्यक्ष अनुभवाकडे वळतो. आमच्या शाळेत वह्या, पेन्सिली, कंपासपेटी, नकाशे अशा वस्तूंचे एक छोटे भांडार होते. एक वर्षी मुख्याध्यापकांनी ते सातवी-आठवीच्या निवडलेल्या पाच मुलांच्या ताब्यात दिले. घाऊक दुकानातून माल आणणे, किंमत ठरविणे, मधल्या सुटीत विक्री करणे आणि महिनाअखेर हिशेब भिंतीवर लावणे, एवढे त्यांचे काम. पहिल्याच महिन्यात अकरा रुपयांची तूट आली. शिक्षकांच्या खोलीत लगेच चर्चा सुरू झाली, की मुलांच्या हाती पैसा देणे धोक्याचे असून हा खेळ थांबविलेला बरा. मुख्याध्यापकांनी एक महिना थांबण्यास सांगितले. मुलांनी आपापसांत बसून मालाची मोजदाद केली, विक्रीची वही ताडून पाहिली, तेव्हा असे निघाले, की चोरी कोणीच केली नव्हती. दोघा मुलांनी मित्रांना वह्या उधार दिल्या होत्या आणि भिडेपोटी त्या लिहून ठेवल्या नव्हत्या. मुलांनीच ठराव केला, की उधारी बंद. आणि ज्याच्याजवळ खरोखरच पैसे नसतील त्याचे नाव वर्गशिक्षकांना एकांतात कळवावयाचे. हा शेवटचा भाग कोणी शिक्षकाने सुचविलेला नव्हता. गरीब मुलाची चारचौघांत मानहानी होऊ नये, ही जाणीव त्यांची त्यांनाच झाली. पुढे भांडारात तूट आली नाही असे नव्हे. परंतु आली तेव्हा ती कोठून आली हे मुलांना सांगता येत असे.

या उदाहरणावरून मला वाटते, की मंत्रिमंडळ सार्थ व्हावयाचे तर चार गोष्टी हव्यात. पहिली, काम लहान असले तरी खरे असावे. पिण्याच्या पाण्याच्या टाकीची देखभाल, खेळाच्या साहित्याची पेटी, वाचनालयाची देवघेव, सहलीचा खर्च अशी कामे मुलांना पेलणारी आहेत. दुसरी, त्या कामापुरता निर्णय मुलांचाच असावा. शिक्षकांनी सल्ला द्यावा, परंतु ठराव पडद्याआडून फिरवू नये. तिसरी, हिशेब व केलेल्या कामाचे टिपण सर्वांना दिसेल असे लावावे. आणि चौथी, दिवाळीच्या सुटीनंतर प्रत्येक प्रतिनिधीने आपल्या वर्गापुढे उभे राहून काय झाले व काय राहिले हे सांगावे, आणि वर्गाला तो नको असेल तर दुसरा निवडता यावा. नावे लिहिणे व शिक्षा देणे यांपासून मात्र मंत्र्यांना अलिप्त ठेवावे. ते काम शिक्षकांचे आहे आणि शिक्षकांनीच ते करावे.

यावर काही आक्षेप घेतले जातात. अभ्यास बुडतो, हा पहिला. मधल्या सुटीतील वीस मिनिटे आणि महिन्यातून एक तास एवढ्याने कोणाचा अभ्यास बुडाल्याचे मी पाहिले नाही. उलट भांडाराचा हिशेब ठेवणारी मुले नफातोट्याची उदाहरणे फार लवकर शिकत. राजकारण शिरते, हा दुसरा आक्षेप, आणि तो अधिक वजनाचा आहे. महाविद्यालयांतील निवडणुकांत दांडगाई वाढली म्हणून महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने परीक्षेतील गुणांवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. पुढे २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा करण्यात आली. गुण मिळविणारा मुलगा हुशार खराच, पण त्याला कोणी निवडलेले नसल्यामुळे तो कोणालाच उत्तर देण्यास बांधलेला नसतो. दांडगाईवर निवडणूक बंद करणे हा उपाय मानला, तर पोहताना मुले बुडतात म्हणून विहीर बुजविण्यासारखे होईल. पोहणे शिकवावयाचे ते उथळ पाण्यात व लहानपणी. आणि ते उथळ पाणी म्हणजे हायस्कूल होय.

ज्ञातिबंधूंनो, आता जे सांगणार आहे ते ऐकून कदाचित काहींना वाईट वाटेल. तरीही याच व्यासपीठावरून ते सांगणे मला अगत्याचे वाटते. शाळेच्या निवडणुकीत राजकारण शिरते असे आपण म्हणतो, परंतु ते पक्षांच्या रूपाने क्वचितच येते. ते येते जातीच्या रूपाने. आमच्या शाळेत एका वर्षी निवडणुकीच्या आदल्या दिवशी आठवीच्या वर्गात कागदाचा एक कपटा सापडला. त्यावर वर्गातील मुलांची आडनावे तीन रकान्यांत लिहिलेली होती आणि प्रत्येक रकान्याखाली बेरीज होती. तेरा वर्षांच्या मुलांनी ही बेरीज कोठे शिकली? शाळेत आम्ही ती शिकविली नव्हती. ती घरच्या ओसरीवर, वडीलधाऱ्यांच्या बैठकीत, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपूर्वी होणाऱ्या गोष्टींतून शिकली गेली. निकाल लागला तेव्हा विजयी मुलाच्या आळीतील मंडळी गुलाल घेऊन शाळेच्या फाटकाशी आली, आणि पराभूत मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेतच आला नाही.

पुढील वर्षी मुख्याध्यापकांनी पद्धत बदलली. उमेदवारांची नावे मागविण्यापूर्वी कामे जाहीर केली. पाण्याची टाकी पाहणारा कोण हवा, खेळाची पेटी सांभाळणारा कोण हवा, असे वर्गाला विचारले. उमेदवाराने दोन मिनिटांत फक्त एवढेच सांगावयाचे, की हे काम मी कसे करीन. मतदान गुप्त. त्या वर्षी टाकीच्या कामासाठी जो मुलगा निवडून आला, त्याच्या समाजाची वर्गात मुळी दोनच मुले होती. परंतु गळक्या तोटीचा वायसर बदलणे त्याला येत होते आणि गेले वर्षभर तो न सांगता ते करीत होता, हे सर्वांनी पाहिले होते. प्रश्न ‘आपला कोण?’ असा विचारला, की मुले आडनावे मोजतात. ‘हे काम कोणाला येते?’ असा विचारला, की तीच मुले माणूस पाहतात. एवढ्या साध्या फरकाने जात नाहीशी झाली, असा दावा मी करणार नाही. काही कपटे पुढेही सापडले. परंतु त्यांचा जोर ओसरला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

यावर कोणी म्हणेल, की मग ज्ञातिसंस्थेचे प्रयोजनच काय? याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची विद्यार्थी-वसतिगृहे निघाली. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात राहण्यास जागा व दोन वेळचे अन्न मिळावे, म्हणजे तो शाळेच्या दारापर्यंत तरी पोहोचेल, हा त्यांमागील हेतू होता. पुढे त्याच वसतिगृहांच्या परंपरेत वाढलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यास १९२४ साली सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रमाची कामे वाटून घेत. १९२७ साली महात्मा गांधींनी तेथे भेट दिली आणि त्या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. ज्ञातीने मुलाला हात देऊन शाळेपर्यंत आणावे आणि शाळेने त्याला सर्वांत मिसळू द्यावे, हा क्रम या दोन थोर पुरुषांच्या कार्यातून स्पष्ट दिसतो. ज्ञातीचा हात शाळेच्या मतपेटीपर्यंत पोहोचला, तर तो क्रम उलटा होईल.

आणखी एक आठवण येथे उचित होईल. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना साने गुरुजींकडे छात्रालयाची व्यवस्था होती. ते मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत, आणि त्यांच्यासाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. त्यांनी एकही शिस्तमंत्री नेमल्याचे माझ्या वाचनात नाही. गुरुजींना झाडताना पाहून मुलांच्या हाती केरसुणी आली. पुढारीपण म्हणजे अगोदर स्वतः करणे, हा धडा शपथविधीने मिळत नाही.

मुलींविषयीही एक शब्द बोलतो. १९९३ पासून अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना एक-तृतीयांश जागा मिळाल्या, आणि महाराष्ट्रात २०११ साली ते प्रमाण निम्म्यावर नेण्यात आले. तरीही शाळेच्या मंत्रिमंडळात मुलींच्या वाट्याला रांगोळीचे व स्वागतगीताचे खाते यावे, ही चाल अनेक ठिकाणी टिकून आहे. जिला उद्या सरपंचाच्या खुर्चीवर बसावयाचे आहे, तिने आज हिशेबाची वही हाती घेतली पाहिजे. नाहीतर खुर्ची तिची आणि सही दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून, असा प्रकार होतो. तो आपण काही गावांतून पाहिलाही आहे.

शेवटी आपल्या संस्थेपुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली सूचना वसतिगृहाविषयी. आपल्या वसतिगृहाची खानावळ आज व्यवस्थापक चालवितात आणि जेवणाविषयीच्या तक्रारी मुले घरी जाऊन करतात. येत्या जूनपासून धान्य व भाजीपाला यांची खरेदी, वाढपाची पाळी आणि मासिक हिशेब, एवढे तरी मुलांनी निवडलेल्या पाच जणांच्या समितीकडे द्यावे. व्यवस्थापकांनी वही तपासावी. खरेदी मात्र मुलांनी करावी. भाव कडाडल्यावर आमटी पातळ का होते, हे त्यांना तेव्हा आपोआप समजेल, आणि समजून न घेता तक्रार करण्याची खोडही जाईल. दुसरी सूचना गुणगौरवाविषयी. यापुढे शाळेतील पदाधिकाऱ्यांचा सत्कार करताना पदाचे नाव न वाचता, त्याने वा तिने केलेले एक काम वाचावे. काम सांगता आले नाही, तर त्या वर्षी सत्कार केला नाही तरी चालेल. तिसरी सूचना आपणां पालकांसाठी. मुलगा निवडणुकीस उभा राहिला, तर त्याच्यासाठी शब्द टाकण्यास शाळेत जाऊ नये; तो हरला, तर चौकशीस जाऊ नये; आणि घरी आल्यावर ‘आपली किती मते होती?’ हा प्रश्न त्याला विचारू नये.

बालमित्रांनो, तुम्हांलाही एवढेच सांगतो. तुमच्यापैकी ज्याला वर्गाने निवडले असेल, त्याने उद्या शाळेत गेल्यावर वर्गातल्या सर्वांत अबोल मुलाला विचारावे, की तुला काय अडचण आहे? त्याने सांगितलेली एक अडचण दूर झाली, तर तुमच्या मंत्रिपदाला अर्थ आला असे समजा.

माझे बोलणे अपेक्षेपेक्षा लांबले. त्यात कोठे अधिकउणे झाले असल्यास ते आपुलकीपोटी झाले असे समजून घ्यावे.  खानावळीच्या सूचनेवर कार्यकारी मंडळाने पुढील सभेत विचार करावा, अशी पुन्हा एकदा विनंती करून मी माझे दोन शब्द संपवितो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.